सणाचे टेबल मॅट: मुलांना बसवण्याआधीची टिपणं

उद्या मुलं कात्री-कागद घेऊन बसणार, त्यामुळे मोजमापं आजच लिहून ठेवलेली बरी.

सगळ्यात आधी कागदावर रिकामं ताट ठेवून पेन्सिलीने त्याची कड गिरवायची. ए-थ्री कागद ४२ बाय २९.७ सेंटीमीटरचा. त्यावर २६ सेंटीमीटरचं ताट ठेवलं की वर-खाली जेमतेम १.८५ सेंटीमीटर उरतात आणि डावी-उजवीकडे आठ-आठ. मुलं मात्र हटकून मधोमध चित्र काढतात, आणि जेवताना तेच झाकलं जातं. म्हणून नाव, चांदण्या, पानांचे ठसे, जे काही असेल ते त्या आठ सेंटीमीटरच्या पट्ट्यांत. गिरवलेला गोल दिसला की मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

विणलेली मॅट करायची तर कागद १६० ते २०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) हवा. साधा ८० चा विणताना फाटतो. ३०० चा वाकत नाही, पट्ट्यांमध्ये फटी राहतात. कागद असा दुमडायचा की ४२ ची बाजू २१ ची होईल. उघड्या कडेपासून अडीच सेंटीमीटरवर रेघ मारायची आणि घडीच्या बाजूने त्या रेघेपर्यंत, अडीच-अडीच सेंटीमीटरवर चिरा द्यायच्या. गडबड होते ती इथेच: उघड्या बाजूने कात्री चालवली की पट्ट्यांची टोकं सुटी होतात. मुलांची बोथट कात्री दुहेरी जाड कागदावर घसरते, तेव्हा या चिरा मोठ्यांनीच द्याव्यात.

दुसऱ्या रंगाच्या ए-थ्रीमधून २९.७ लांब, अडीच रुंद अशा सोळा पट्ट्या निघतात. घडी उघडलेल्या मॅटमध्ये तेरा-चौदा बसतात, उरलेल्या एखादी फाटली तर कामाला येतात. पहिली पट्टी वरून सुरू केली तर दुसरी खालून. दोन पट्ट्या चुकून सारख्याच गेल्या की नक्षी बिघडतेच, शिवाय त्या एकमेकींवर सरकतात. प्रत्येक पट्टी घातल्याबरोबर बोटाने आधीच्या पट्टीला भिडवायची. शेवटी एकदम रेटायला गेलं की चिरेचं टोक फाटतं. चार वर्षांच्या आसपासच्या मुलांना चार सेंटीमीटर रुंदीच्या मोजक्याच पट्ट्या द्याव्यात, नाहीतर निम्म्यातच कंटाळतात.

टोकं ग्लू स्टिकनेच चिकटवायची. पांढऱ्या पातळ गोंदातलं पाणी कागद पितो, फुगतो आणि वाळताना मॅट वाकडी होते.

लॅमिनेशन करणार असाल तर मेणाचे खडू वर्ज्य. यंत्राच्या उष्णतेने मेण वितळून रंग फासला जातो. टिकल्या आणि खडबडीत चमकीही नकोत, त्यांच्याभोवती हवा अडकते. गोंद पूर्ण वाळलेला असावा. मॅट चारही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर कापून मगच पाऊचमध्ये घालायची आणि नंतर प्लॅस्टिकची ती पारदर्शक कड ठेवायची. सुबक दिसावी म्हणून कागदाला लागून कापली, तर पहिल्याच पुसण्यात पाणी आत शिरतं.

यंत्र नसेल तर पारदर्शक चिकट कागद चालतो: मागचा कागद एका वेळी पाचेक सेंटीमीटरच सोलायचा आणि मोजपट्टीच्या कडेने दाबत पुढे जायचं.

चुलीवरून उतरलेलं भांडं कुठल्याच मॅटवर थेट ठेवायचं नाही, त्याला वेगळी घडवंची हवी.