माझा अनुभव : लाल टोपीतली तपासाची नोकरी

मिलिटरी पोलीस म्हटलं की लोकांना लाल टोपी, पांढरा पट्टा आणि छावणीच्या चौकात गाड्या अडवणारा जवान आठवतो. फार तर आमच्या 'श्वेत अश्व' पथकाची मोटारसायकलवरची प्रात्यक्षिकं. भरती झालो तेव्हा मलाही तेवढंच ठाऊक होतं. याच कोअरमध्ये चोरी, अफरातफर, मारहाण, खोटी कागदपत्रं यांचा तपास करणारी माणसं असतात आणि आपली उमेदीची वर्षं त्यांच्यातच जाणार आहेत, हे बेंगळुरूच्या सेंटरमध्ये ट्रेनिंग घेतानाही डोक्यात नव्हतं. सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालो. आता ओळखीतली पोरं विचारतात, या लाईनला जायचं तर काय लागतं? त्यांच्यासाठी लिहितोय.

लोकांना वाटतं आमच्या हातात फार अधिकार असतात. आर्मी ॲक्ट १९५० चं कलम १०७ वाचा. प्रोव्होस्टचा, म्हणजे मिलिटरी पोलिसांचा, माणूस या कायद्याखाली येणाऱ्या कुणालाही अटक करू शकतो, पण अधिकाऱ्याला अटक करायची तर दुसऱ्या अधिकाऱ्याचा हुकूम लागतो. स्वतःच्या अधिकारात शिक्षा तर कुणालाच देता येत नाही. अटकेनंतर घड्याळही सुरू होतं. ४८ तासांच्या पुढे माणूस कोठडीत राहिला तर सीओ साहेबांना, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरला, कारणासह वर कळवावं लागतं, आणि आठ दिवसांत कोर्ट मार्शल बसलं नाही तर खास रिपोर्ट जातो. आधी आत टाकू, मग बघू, असं इथे चालत नाही. तपास आधी, हात नंतर.

दुसरा प्रश्न, केस कुणाची? जवानाने सिव्हिलियनचा खून केला किंवा बलात्कार केला, तर सक्रिय सेवेत (म्हणजे शत्रूविरुद्धच्या मोहिमेसारख्या कामावर) किंवा देशाबाहेर असल्याशिवाय किंवा सरकारने जाहीर केलेल्या सीमेवरच्या ठाण्यावर असल्याशिवाय कोर्ट मार्शल चालत नाही, ते प्रकरण सिव्हिल कोर्टात जातं. बाकीच्या बऱ्याच गुन्ह्यांत दोन्ही वाटा मोकळ्या असतात. म्हणून घटनास्थळी पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे जागा राखायची आणि स्थानिक ठाण्याशी बोलायचं. ठाणेदाराशी संबंध चांगले असले की निम्मा मनस्ताप वाचतो.

खरी परीक्षा हुद्द्याची. साक्षीदार, आरोपी, न्याय देणारे, सगळे एकाच वर्दीतले. मी हवालदार असताना मला एका मेजर साहेबांना प्रश्न विचारायचे होते. माझ्या वरिष्ठांनी एकच सांगितलं, आधी रजिस्टर वाच, मग प्रश्न लिहून काढ, आणि प्रश्न असा हवा की उत्तर हो, नाही किंवा आकड्यात यावं. "साहेब, ही सही आपली आहे का?" हा प्रश्न हवालदार कर्नललाही विचारू शकतो, त्यात बेअदबी नाही. "तुम्ही असं का केलं?" हा प्रश्न मात्र त्याच्या तोंडी शोभत नाही आणि त्यातून हाती काही लागतही नाही. ही एक सवय मला शेवटपर्यंत पुरली.

नायब सुभेदार झाल्यावर एका युनिटमधली डिझेलची अफरातफर माझ्याकडे आली. युनिटचं नाव सांगत नाही. संशय एका तरुण ड्रायव्हरवर होता, कारण गाडीच्या कार डायरीत सगळीकडे त्याचीच सही. मी डायरी घेऊन बसलो. रोजच्या नोंदी वेगवेगळ्या दिवशी लिहिलेल्या असतात. पेन बदलतं, हात घाईत असतो, एखादा आकडा खोडलेला असतो. इथे दोन आठवड्यांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच दाबाने, एका ओळीत लावल्यासारख्या. मग मेन गेटचं इन-आउट रजिस्टर मागवलं. डायरीप्रमाणे गाडी स्टेशनच्या फेऱ्या मारत होती. गेटवर त्या तारखांना तिची एकही नोंद नव्हती. स्पीडोमीटरचं रीडिंगही जुळेना. डिझेल मात्र लिटरच्या हिशेबाने नियमित निघालेलं.

पोरगा मराठी होता. म्हणाला, "साहेब, सह्या माझ्याच आहेत. पण गाडी मी नेली नव्हती. कोरे फॉर्म पुढे ठेवले, मी सह्या केल्या." हे खरं की खोटं, ते त्याच्या चेहऱ्यावरून ठरवण्याचं काम माझं नव्हतं. मी लिहून घेतलं आणि पुढे गेलो.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी समिती, बसली. इथे आर्मी रूल्स १९५४ चा नियम १८० येतो. चौकशीत कुणाच्या चारित्र्याला किंवा लष्करी लौकिकाला बाधा येणार असेल, तर त्याला पूर्ण वेळ हजर राहू द्यायचं, साक्षीदारांना उलट प्रश्न विचारू द्यायचे. हा नियम अनेकांना अडचण वाटतो. मला तो या संपूर्ण व्यवस्थेतला सर्वांत मोलाचा नियम वाटतो. त्या ड्रायव्हरने स्टोअरच्या इनचार्जला एकच गोष्ट विचारली: "या तारखेला माझी गाडी वर्कशॉपला होती, तर त्यात डिझेल भरलं कुणी?" वर्कशॉपचा जॉब कार्ड मागवला. गाडीचं इंजिन त्या दिवशी खाली उतरवलेलं होतं. तपासात वर्कशॉपकडे माझं लक्ष वळणारच होतं, पण त्या खोलीत, सगळ्यांच्या समोर, तो प्रश्न त्या पोराच्या तोंडून आला याचं मला फार समाधान वाटलं.

नवीन लोक इथे गोंधळतात, कारण कोर्ट ऑफ इन्क्वायरीतले जबाब कोर्ट मार्शलमध्ये पुरावा म्हणून चालत नाहीत, नियम १८२. म्हणजे सगळं पुन्हा. नियम २२ खाली सीओ साहेबांसमोर आरोप ऐकायचे, मग नियम २३ खाली आरोपीच्या समोर एकेका साक्षीदाराचा जबाब नव्याने. आरोपीला बजावून सांगायचं की बोलायची सक्ती नाही, पण जे बोलशील ते लिहून घेतलं जाईल आणि पुरावा म्हणून वापरलं जाऊ शकेल. कंटाळा येतो, मान्य. पण केस टिकते ती इथेच.

जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी आणि सोबत कायद्याचा सल्ला देणारा जज ॲडव्होकेट. सुरुवातीला आरोपीला विचारतात, यांच्यापैकी कुणाबद्दल हरकत आहे का? हे विचारणं टाळलं, म्हणून १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका जवानाचं कोर्ट मार्शल रद्द केलं होतं. माझी उलटतपासणी बचावाच्या वकिलांनी जवळजवळ एका लिफाफ्यावरच घेतली. कार डायरी जप्त केली त्या दिवसापासून कोर्टात येईपर्यंत ती कुणाच्या ताब्यात होती, सील कुणी लावलं, कुणी उघडलं? माझ्या वहीत प्रत्येक हातबदलाची तारीख, वेळ आणि सही होती. मी वाचून दाखवत गेलो. शेवटी इनचार्जवर आरोप सिद्ध झाला. ड्रायव्हर सरकारी बाजूचा साक्षीदार होता.

शिक्षा तेवढ्याने लागू होत नाही, वरून कन्फर्मेशन, म्हणजे मंजुरी, यावं लागतं. पुढे अपिलाला आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल आहेच. कायदा २००७ चा.

आता पोरांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आर्मी ॲक्टचं कलम १२२ पाठ करा. कोर्ट मार्शलला तीन वर्षांची मुदत आहे, आणि गुन्हा उशिरा उघडकीस आला तर ती मुदत गुन्हा व गुन्हेगार वरिष्ठांना कळल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे तुमचा रिपोर्ट कोणत्या तारखेला टेबलावर पोहोचला यावर बचावाचा डोळा असणार. पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नका. मोबाईल किंवा कॅमेऱ्याचं फुटेज असेल तर प्रमाणपत्र त्याच वेळी घ्या. आधी ते जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. २०२१ साली आमच्या कोअरमध्ये ८३ महिला जवानांची पहिली तुकडी आली. ज्या केसमध्ये पीडित बाई आहे, तिथे जबाबाच्या वेळी त्यांच्यापैकी कुणी हजर राहील हे स्वतः बघा, दुसऱ्यावर सोडू नका.

आणि अक्षर सुधारा. कोर्टात तुमचीच वही तुम्हाला मोठ्याने वाचायची असते.