तीन नमो मारिया

खरं सांगायचं तर मी हरेगावला, मतमाउलीच्या म्हणजे मारियामातेच्या यात्रेला, भक्तीने निघाले नव्हते. आई म्हणाली, माझे गुडघे आता साथ देत नाहीत, पण आपल्या घरातून कोणीतरी मतमाउलीला पायी गेलं पाहिजे, तू जा. मला नाही म्हणायचा पण कंटाळा आला होता, म्हणून निघाले.

भाऊ जाऊन दीड वर्ष झालेलं. त्याच्या डायलिसिसच्या काळात घरात किती नोव्हेना (सलग नऊ दिवसांची प्रार्थना) झाल्या याचा हिशोबच नाही, एक संपली की दुसरी. मी तर पुढच्या रिपोर्टची तारीख बघून नोव्हेना सुरू करायचे, म्हणजे नववा दिवस आणि किडनीचं कळवणारा क्रिएटिनिनचा आकडा बरोबर एकाच दिवशी यावा. हसू नका, त्या वेळी हे अगदी शहाणपणाचं वाटायचं. तो गेल्यावर "देवाची इच्छा" म्हणणाऱ्यांची रांग लागली आणि नंतर माझी प्रार्थना म्हणजे कट झालेल्या फोनवर हॅलो हॅलो करत बसणं झालं. मग हॅलोही सोडलं. चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला जायचे, उठायचे, बसायचे, ओठ हलवायचे, बस.

एका फादरांजवळ हे बोलले होते. ते म्हणाले, मदर तेरेजांना पण जवळजवळ पन्नास वर्षं असंच कोरडं कोरडं वाटत होतं, २००७ साली त्यांची पत्रं छापून आली तेव्हा जगाला कळलं. धीर द्यायला सांगितलं असणार, पण मला घाम फुटला. पन्नास वर्षं! आणि त्या संत होत्या, आपलं काय.

पहिले दोन दिवस कसे गेले ते नीट आठवत पण नाही. ऊस, चिखल, ट्रॅक्टर, परत ऊस. पुढे टेम्पोत माउलीची मूर्ती, झेंडे, आणि एक स्पीकर जो मूर्तीपेक्षा मोठा होता. जपमाळ सांगणारे काका असे सुटायचे की आमचं उत्तर अर्ध्यात असताना त्यांचं पुढचं नमो मारिया, म्हणजे मारियामातेची छोटी प्रार्थना, सुरू. आख्ख्या माळेत त्रेपन्न नमो मारिया, काका बारा मिनिटांत उरकायचे. मी घड्याळ लावून बघितलंय, म्हणजे बघा माझं ध्यान कुठे होतं. गोदावरीचा पूल आला, सगळ्यांनी फोटो काढले, गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी डावी टाच गेली. चूक माझीच, नवे बूट घालून आले होते, सगळे सांगत होते जुन्या चपला घाल. आधी नुसतं चुरचुरत होतं, मग प्रत्येक पावलाला कोणीतरी चटका देतंय असं. एका बाभळीखाली बसून मोजा काढला तर रुपयाएवढा फोड, पाण्याने टम्म. आमचा ग्रुप पुढे निघून गेला, टेम्पो तर कधीचा गेलेला. सप्टेंबरचं ते घामट ऊन, अंगाला कापड चिकटलेलं, आणि लांबून स्पीकरवर आनंदी भजन. इतका राग आला ना, देवाचा, काकांचा, बुटाच्या दुकानदाराचा, आईच्या गुडघ्यांचा सुद्धा.

मागून दुसऱ्या कुठल्या तरी गावची माणसं येत होती. त्यातली एक आजी थांबली. विचारपूस काही नाही, सरळ खाली बसली, माझा पाय उचलून मांडीवर घेतला आणि म्हणाली, "हे असं चालशील तर उद्या पाय जमिनीला लागायचा नाही." पिशवीच्या आतल्या कप्प्यात सुईदोरा होता. जाणाऱ्या एका पोराला हाक मारून लायटर मागितलं, तो म्हणे नाहीये आजी, ती म्हणाली खिशातलं दे, मी तुझ्या बापाला सांगत नाही. सुईचं टोक तापवलं आणि फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढली, दोरा तसाच आत ठेवून दोन्ही बाजूला बोटभर सोडून तोडला. म्हणजे भोक बुजत नाही, पाणी दोऱ्यावरून झिरपत राहतं. (परत आल्यावर डॉक्टर मैत्रिणीने झापलं, दोरा ठेवायचा नसतो, इन्फेक्शन होतं. तर तुम्ही करू नका.)

मग पदराचा कोरडा भाग फाडून हातात दिला. "दाबून धर. तीन नमो मारिया होईस्तोवर सोडायचं नाही."

भक्ती म्हणून नाही हं, मिनिटं मोजायला.

पहिलं म्हटलं पटकन, काकांच्या स्पीडने. दुसऱ्याला "आता आणि आमच्या मरणाच्या वेळी" इथे आले आणि अडकले. भाऊ गेला तेव्हा मी हॉस्पिटलात खाली औषधांच्या काउंटरवर रांगेत होते. वर आले तर सिस्टर पडदा ओढत होती. लहानपणी रात्री आम्ही दोघं शेजारी बसून हीच ओळ त्रेपन्न वेळा म्हणायचो, तो निम्म्यात झोपायचा आणि मी चिमटा काढायचे. मरणाच्या वेळी, मरणाच्या वेळी. म्हणजे ते सगळं त्या रांगेतल्या दहा मिनिटांसाठीच साठवत होतो की काय आम्ही? मी नव्हते तेव्हा ते पोचलं असेल का तिथे? माहीत नाही. पण हा प्रश्न मी पहिल्यांदा न भांडता विचारला.

"झाले का?"

"दोन."

"मग तिसरं म्हण की, पाणी येतंय अजून."

तिसरं म्हणताना आवाज फुटला. आजीने बघितलं, पण दुखतंय असं समजली बहुतेक. मी विचारलं, आजी, तुम्हाला वाटतं का देव ऐकतो? सुई पिशवीत ठेवत म्हणाली, "मला तर कधी काय ऐकू आलं नाही बाई." मग चालत कशाला येता? "घरी बसून तरी कुठं ऐकू येत होतं!" आणि उठून गेली. जाता जाता, "उद्या चपला घाल, एवढी शिकलेली दिसतेस."

रात्री शाळेच्या वर्गात झोप येईना म्हणून मोबाईलवर बायबल उघडलं. स्तोत्र ८८. बाकीची बहुतेक रडकी स्तोत्रं कुठेतरी वळतात, शेवटी देवाची स्तुती येते, हे वळतच नाही, अंधारावरच संपतं. आणि तरी कोणी ते काढून टाकलं नाही. मग गेथशेमाने वाचलं, येशूला पकडलं त्या रात्रीची बागेतली प्रार्थना. मत्तय लिहितो की येशूने तिसऱ्यांदा परत तेच शब्द म्हणून प्रार्थना केली. त्यालाही त्या रात्री नवीन काही सुचलं नसेल. हे मी आधी शंभरदा ऐकलं होतं, पण कधी लक्षच गेलं नव्हतं.

सकाळी बाथरूमच्या लायनीत एका बाईशी कडाक्याचं भांडण झालं माझं.

हरेगावला पोचलो तेव्हा एवढी गर्दी की माउलीपुढे दोन सेकंद मिळाले, मागून ढकललं. काही मागायला सुचलं नाही. आईच्या नावाची मेणबत्ती लावली. आजीला शोधलं, नाही सापडली, नाव पण विचारलं नव्हतं. मग मैदानात चटईवर टेकले, मोजा काढला, दोरा सुकून कातडीला चिकटलेला. ओढला तर सणकून दुखलं आणि थोडं पाणी आलं. तोच पदराचा तुकडा दाबून धरला आणि मोजायला लागले. तीन झाले. चौथं पण झालं. पाचव्याला शेजारच्या काकूंनी पाण्याची बाटली मागितली, ती दिली, आणि कितवं चाललं होतं ते विसरले.