काकींची पेटी आणि दहावीचं हॉल तिकीट

गेल्या मार्चमध्ये आमच्या वाडीतल्या एका काकांचं घर जळालं. लांजा तालुक्यातली आमची छोटीशी वाडी, दुपारची वेळ, काका कामावर, काकी आणि आजी काजूच्या बागेत, पोरगी मैत्रिणीकडे अभ्यासाला, घरात कुणी नव्हतं हेच नशीब. आमच्याकडचं जुनं घर म्हणजे वर सगळं लाकूडच, वासे, रिपा, माळ्यावर पावसाळ्यासाठी भरलेली लाकडं नि पेंढा, आणि वायरिंग जुनाट. आगीची गाडी येईपर्यंत विहिरीवरून कळशा, हंडे, पंपाचा पाईप, जे मिळेल ते घेऊन आम्ही विझवत होतो, पण छप्पर बसलं ते बसलंच. चिऱ्याच्या भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या.

त्या रात्री पोरगी एकच बोलत होती, माझं हॉल तिकीट गेलं. दहावीचे दोन पेपर बाकी होते. रात्रीच हेडमास्तरांना फोन केला, ते म्हणाले बाळा रडू नको, सकाळी शाळेत ये. शाळेला हॉल तिकीट परत प्रिंट करता येतं, त्यावर लाल शाईने 'द्वितीय प्रत' असा शेरा मारतात, झालं. मैत्रिणीचा युनिफॉर्म घालून गेली आणि दोन्ही पेपर दिले तिने.

मदत तर लगेच सुरू झाली, पण कपडेच कपडे! तिसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीत ढीग लागला, त्यात लग्नातल्या जरीच्या साड्या, फाटक्या पँटी, लहान मुलांचे स्वेटर, आणि घरात लहान मूल एकही नाही. काकींना पाहिजे होते परकर नि मापाचा ब्लाऊज, आजीला चष्मा आणि बीपीच्या गोळ्या. पण हे काकी पुरुषांना कशा सांगणार? जो देईल त्याला हात जोडत होत्या बिचाऱ्या. शेवटी वहिनीने त्यांना बाजूला घेऊन विचारलं, मग कळलं. कृपा करून आधी विचारा, आणि बायकांनी बायकांना विचारा. नको असलेला ढीग आवरायचं काम पण परत त्याच घरावर पडतं हो.

दुसरी गोष्ट पंचनाम्याची. आम्ही पोरं दुसऱ्या दिवशी सकाळीच फावडी घेऊन राख काढायला निघालो होतो, वाडीतल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी अडवलं, म्हणाले तलाठी येऊन जाईपर्यंत काडी हलवायची नाय. बरोबर होतं त्यांचं. सगळ्याचे फोटो काढले, मग काकींना एकेक वस्तू आठवायला लावली, त्या म्हणत होत्या गेलं ते गेलं, कशाला मोजायचं, पण मोजावंच लागतं. सरकारी मदतीच्या तेव्हाच्या निकषात कपड्यांचे २,५०० आणि भांड्यांचे २,५०० रुपये, घर पूर्ण गेलं तर १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. एवढ्यात घर उभं राहत नाही हे कोणीही सांगेल, पण रेशनकार्डापासून पुढच्या प्रत्येक अर्जाला तो पंचनामाच जोडावा लागला. आधार फोनवरून डाउनलोड झालं कारण नंबर लिंक होता, सातबारा ऑनलाइन निघाला.

राखेत काकींची पत्र्याची पेटी सापडली. आत काजूचे पैसे, नोटांचा काळा गठ्ठा झालेला, हात लावला की कडा गळत होत्या. तालुक्याच्या बँकेत घेतल्या नाहीत, आणि तो नियमच आहे, अशा जळक्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसात न्याव्या लागतात, आमच्यासाठी नवी मुंबईतलं बेलापूर. सुट्या करायच्या नाहीत, आहे तशाच न्यायच्या. वाडीच्या मुंबई मंडळातले एक दादा काकांसोबत गेले, पेटी मांडीवर घेऊन रात्रभर एसटीत बसून. सगळे नाही, पण बरेचसे पैसे मिळाले.

त्याच आठवड्यात शिमगा. पालखी जळक्या घरी न्यायची का यावर वाडीत जरा चर्चा झाली, मला तर चर्चाच पटली नव्हती, पण काकींनीच सांगितलं आणायची. त्यांनी राखेतून पितळेचं ताट उकरून काढलं, चिंच लावून दोन दिवस घासलं, एका बाजूला डाग राहिलाच. त्याच ताटात ओटी भरली. पालखी खळ्यात नाचली तेव्हा आजी भिंतीला टेकून उभी होती, तिच्याकडे बघवत नव्हतं.

मंडळाने पैसे जमवून थेट काकींच्या खात्यात टाकले. हल्ली बऱ्याच घरांवर पत्रा नाहीतर स्लॅब आलाय, जुनी कौलं परसात रचून पडलेली असतात, ती प्रत्येकाने दिली. त्यामुळे छपरावर चार-पाच रंगांची कौलं दिसतात. मृगाच्या आधी शेवटचं कौल चढवलं, दर रविवारी श्रमदान करून.

मागच्या पडवीचा गिलावा अजून बाकी आहे. येत्या रविवारी करतोय, गावात असाल तर सकाळी आठला या, घमेली आहेत, थापी असेल तर घेऊन या.