टीसीएल पोत्यातून विहिरीत जाताना

पावसाळा तोंडावर आला की ग्रामपंचायतीच्या खोलीत टीसीएलची पोती येऊन पडतात. पुढे ती पावडर विहिरीत पडते खरी, पण जंतू मारणारं क्लोरीन तोवर पोत्यातूनच उडून गेलेलं असू शकतं. मग पाण्यात जातो तो निव्वळ चुना.

टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर. कोरड्या विरलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडून ती बनवतात. तिचा शोध लागला तो कापडासाठी. युरोपात लिननचे तागे शुभ्र करायला महिनोन्‌महिने गवतावर उन्हात पसरून ठेवत. क्लोरीनने कापड झटपट उजळतं हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थोलेने १७८५ च्या सुमारास दाखवलं, पण तो वायू वागवणं अवघड होतं. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने १७९९ मध्ये तो कोरड्या चुन्यात धरून ठेवण्याचं पेटंट घेतलं आणि क्लोरीन पिंपात भरून कुठेही नेता येऊ लागलं. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरने सहकारी डॉक्टरांना याच पावडरीच्या पाण्याने हात धुवायला लावले, तेव्हा बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पाण्यात ती रोज पडू लागली.

चुन्याने क्लोरीन धरलंय, पण सैलसर. दमट हवा, ऊन, उष्णता मिळाली की ते सुटतं. ताज्या पावडरीत ते साधारण ३३ टक्के असतं. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पाण्यासाठी बाद धरतात. म्हणून पोती फळ्यांवर, कोरड्या, अंधाऱ्या पण हवेशीर खोलीत ठेवावीत. तोंड घट्ट बांधावं आणि जुनी पोती आधी संपवावीत. गोळे झालेल्या, वास मंदावलेल्या पावडरीवर विसंबू नये, तिचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.

आता हिशेब. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि ३.१४ ने गुणून ४ ने भागा. आलेल्या आकड्याला हजाराने गुणलं की लिटर मिळतात. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर. स्वच्छ पाण्याला हजार लिटरमागे किमान अडीच ग्रॅम आणि पावसाळ्यात ५ ग्रॅम चांगली पावडर धरली, तर या विहिरीला पावसाळ्यात १४० ग्रॅम लागेल. पावडर २० टक्क्यांवर आली असेल तर ५ च्या जागी सव्वाआठ ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्या, नाहीतर क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतं.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पावडर थेट विहिरीत फेकणं. ती तळाशी जाऊन बसते, वरचं पाणी तसंच राहतं. प्लास्टिकची बादली घ्या, लोखंडी बादली गंजते. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको. थोड्या पाण्यात कालवून पातळ लगदा करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा. ५ ते १० मिनिटांत चुना खाली बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता. ही बादली दोरीने पाण्याखाली सोडून जोरात वर-खाली हलवा. पहिल्या बादलीत उरलेला चुना विहिरीत टाकू नका, त्याने पाणी जड, म्हणजे साबणाला फेस न येणारं होतं. टाकीत मात्र ती भरत असतानाच निवळी सोडावी, म्हणजे आपोआप मिसळते.

मग एक तास थांबा. हा तास कोणाच्याही घाईपायी कापू नये. त्यानंतर ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडिन द्रावणाने पाण्यात उरलेलं क्लोरीन तपासणं: किटच्या नळीत खुणेपर्यंत पाणी, सांगितलेले थेंब, आणि १० सेकंदांच्या आत पिवळ्या रंगाची तुलना. उशिरा पाहिलं तर अमोनियाशी बांधलेलं क्लोरीनही रंग दाखवतं आणि आकडा फुगतो. विहिरीत ०.५ पीपीएम (लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम) हवं, नळयोजनेत शेवटच्या घराच्या नळाला निदान ०.२. टाकीखालच्या नळाला आलेला पिवळा रंग गावाच्या टोकाचं काहीच सांगत नाही. ओटीचं द्रावण विषारी आहे, तपासलेलं पाणी विहिरीपासून लांब ओता आणि हात धुवा.

क्लोरीनने नायट्रेट किंवा फ्लोराइड जात नाही. तेवढ्यासाठी मात्रा वाढवून उपयोग नाही.

धोक्याचंही नीट ऐका. संडास धुण्याचं ॲसिड आणि टीसीएल कधीही एकत्र येऊ देऊ नका, लगेच क्लोरीन वायू सुटतो. तो हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने बंद संडासात, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात साचून राहतो. तसं झालं तर बाहेर पडा आणि वारा जिकडून येतो त्या दिशेला जा. रॉकेल, डिझेल, युरियाची पोती त्या खोलीत नकोत, आग लागू शकते. पावडर काढताना हातमोजे, चष्मा, नाकाला मास्क हवा, आणि वारा पाठीकडून यायला हवा. डोळ्यात कण गेलाच तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटं धुऊन दवाखाना गाठा. चुना डोळ्याला भाजतो, आणि आग थांबली तरी इजा आत चालूच राहू शकते.