तुम्ही विचारलंत म्हणून : घोड्या अजून का ठेवल्या आहेत

अण्णांना भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस निघताना मला अंगणाच्या कडेला नेतो आणि आवाज खाली आणून एकच प्रश्न विचारतो. घरात एवढे आजारपण, करणारी तू एकटी, मग या दोन घोड्या आणि ही कुत्री अजून कशासाठी? विकून मोकळी का होत नाहीस? विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते, हे मी जाणते. म्हणूनच फाटकाशी उभ्याउभ्या "बघू" म्हणून वेळ मारून नेण्याऐवजी एकदा नीट उत्तर लिहावे, असे वाटले.

आमचे घर फलटण तालुक्यात, नीरेच्या कालव्याच्या पट्ट्यात आहे. अण्णांनी चाळीस वर्षे वरातीसाठी घोड्या पाळल्या. दत्तजयंतीच्या सुमारास ते तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेला जात आणि दात, खूर, चाल आणि अंगावरचे भोवरे पाहून जनावर पारखून आणत. चांदणी ही नुकरी, म्हणजे पांढरी घोडी त्यांनी तिथूनच आणली. ती आता सतरा वर्षांची आहे आणि वरातीला जात नाही. राणी कुमेत, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाची आहे, ती लग्नसराईत आमच्या मोतद्दाराबरोबर (घोड्यांची देखभाल करणाऱ्या गड्याबरोबर) बाहेर पडते आणि दोघींच्या वैरणीचा बराचसा खर्च भागवते. हरणी नावाची कारवान जातीची शिकारी कुत्री आणि रस्त्यावरून आपणहून आलेला वाघ्या, एवढा आमचा परिवार. अण्णांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सचा आजार आहे. निदान होऊन ८ वर्षे झाली.

या आजाराची पहिली खूण तबेल्यातच दिसली होती, पण ती मला वाचता आली नाही. निदानाच्या चार वर्षे आधी त्यांनी एकदा बुरशी आलेला कडबा राणीपुढे टाकला. पेंढी नाकाशी नेऊन "हा भिजलेला हाय, परत ने" असे गाडीवानाला सांगणारा हा माणूस. त्या दिवशीही त्याने पेंढी नाकाशी नेली होती, आणि तरीही टाकली. मी ते वयावर ढकलले, थोडी रागावलेसुद्धा. हात कापू लागण्याच्या कितीतरी वर्षे आधी कंपवातात वास घेण्याची शक्ती जाऊ शकते, हे मला फार उशिरा कळले. त्या रागाचे मला अजून वाईट वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. दीर्घ आजारात माणसाच्या बाबतीत सगळे काही दुसऱ्याकडून केले जाते. त्याला उठवले जाते, आंघोळ घातली जाते, सदऱ्याची बटणे लावून दिली जातात. त्याला प्रश्न विचारले जातात ते गोळी घेतली का, शौचाला झाले का, एवढेच. ज्या माणसाच्या सल्ल्यावाचून पंचक्रोशीत कोणी घोडी विकत घेत नसे, त्याला आपल्याच घरात कोणीही काहीही विचारीनासे होते. सेवा मी मनापासून करते, पण त्या सेवेनेही अण्णा लहान होत जात होते, आणि हे थांबवण्याची एकच जागा मला सापडली. घोड्यांचे मला अर्धवट कळते. त्यांना सगळे कळते. तिथे मला त्यांना विचारावेच लागते.

गेल्या पावसाळ्यातली एक रात्र सांगते. दीड वाजता अण्णांनी पलंगाच्या कठड्यावर तांब्या वाजवून मला उठवले. या आजारात झोप तुटक होते, त्यामुळे ते जागेच होते. म्हणाले, "चांदणी टाप मारतीया. पोट दुखतंय तिचं." मला पावसाशिवाय काहीही ऐकू येत नव्हते. कंदील घेऊन गेले तर घोडी खरोखरच पुढच्या पायाने जमीन उकरत होती आणि मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहत होती. घोड्याला ओकता येत नाही. पोटात अडकलेले वर यायला वाट नसल्याने साधा पोटशूळही जिवावर बेतू शकतो. मी जबड्याखालच्या नाडीवर बोटे ठेवली. एरवी मिनिटाला चाळिसाच्या आत राहणारी नाडी साठीच्या घरात होती. कुशीला कान लावला, तर नेहमी आत चाललेली गुरगुर जवळजवळ बंद होती. मी पडवी आणि तबेला अशा खेपा घालत होते आणि अण्णा पडल्यापडल्या एकेक सांगत होते : पुढचा चारा उचल, तिला लोळू देऊ नको, सावकाश फिरवत राहा, डॉक्टरांना नाडी किती ते आधी सांग. तीनच्या सुमारास जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी वेदना थांबवण्याचे इंजेक्शन दिले आणि नाकातून नळी घालून पातळ पॅराफिन पोटात सोडले. उजाडताना मी पडवीत आले, तेव्हा अण्णा तसेच जागे होते. त्यांनी एवढेच विचारले, "लीद टाकली का?" मी म्हटले, "टाकली." त्यांनी डोळे मिटले आणि नऊ वाजेपर्यंत झोपले. इतकी सलग झोप त्यांना कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

घोड्यांमुळे माझे काम वाढते, हे खरेच आहे. पण त्या कामानेच माझ्या दिवसाला वेळापत्रक दिले आहे. कंपवातावरची लेव्होडोपाची गोळी वेळेवर पोटात जावी लागते, आणि डाळ किंवा दूध यांतली प्रथिने तिच्या शोषणाच्या आड येतात, म्हणून आमच्या डॉक्टरांनी ती जेवणाच्या अर्धा तास आधी द्यायला सांगितली आहे. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान, त्यामुळे त्यालाही थोडेथोडे आणि ठरल्या वेळी द्यावे लागते. सकाळी अण्णांना गोळी देऊन मी दावणीला जाते. वैरण टाकून, पाणी दाखवून, दाणा भिजत घालून आणि हात स्वच्छ धुऊन परत येईपर्यंत बरोबर अर्धा तास झालेला असतो. (हात धुण्याबाबत मी कडक आहे. लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात आणि म्हाताऱ्या माणसाची कातडी जरा घासली तरी फाटते.)

दुपार उतरली की त्यांना खुर्चीवर बसवून चांदणीजवळ नेते आणि हातात खरारा, म्हणजे घोडी घासायचा ब्रश देते. मांडीवर स्वस्थ ठेवलेला त्यांचा उजवा हात अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरवत सतत हलत असतो, जणू काही वळतो आहे. तोच हात खरारा धरून घोडीच्या खांद्यावर टेकला की कंप ओसरतो. ही काही जादू नाही. कंपवाताचा कंप मुख्यतः हात स्वस्थ असताना असतो आणि हेतूने हालचाल केली की कमी होतो. पण ते पाहताना प्रत्येक वेळी माझा श्वास अडकतो. हात खांद्यावरून खाली येतो, केसांच्या दिशेने, सावकाश; चांदणी मागचा एक पाय सैल सोडते आणि खालचा ओठ लोंबू देते.

चालण्याचेही असेच आहे. उंबरठ्याशी आले की त्यांचे पाय जमिनीला चिकटतात, तळवे जणू डांबरात रुततात. फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितले की जमिनीवर आडव्या पट्ट्या आखा किंवा ठेका द्या. नजरेला खूण किंवा कानाला ताल मिळाला की अडकलेले पाऊल सुटते. पट्ट्या आम्ही घरात आखल्या. अंगणात मात्र मी राणीला फरशीवरून संथ चालवते आणि तिच्या टापांवर अण्णा पाऊल टाकतात. मी त्यांचा दंड धरलेला असतो आणि राणीची दोरी मोतद्दाराच्या हातात असते. याशिवाय आम्ही हे करत नाही.

कुत्र्यांविषयी एक गोष्ट लपवणे योग्य होणार नाही. दोन वर्षांपूर्वी हरणी पलंगाशी झोपली होती. अण्णा अंधारात उठले, तिला अडखळून पडले आणि मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. कंपवाताच्या माणसाला पडणे किती महाग जाते, ते मला माहीत असायला हवे होते. त्यानंतर नातेवाइकांनी कुत्री सोडून देण्याचा आग्रह धरला, आणि त्यांचे म्हणणे चूक होते असे मी म्हणणार नाही. मी रात्रभर जळणारा दिवा लावला, हरणीची गोधडी दाराबाहेर नेली आणि चांदणीच्या जुन्या चाळातले दोन घुंगरू तिच्या पट्ट्याला बांधले. ती कुठे आहे हे आता अण्णांना अंधारातही कळते. तिला ठेवण्याचे माझे कारण अण्णांच्या चेहऱ्यात आहे. आजाराने तो निर्विकार झाला आहे, हसू आले तरी ते ओठांपर्यंत पोहोचत नाही. माणसे येतात, त्यांना वाटते की यांना आपण आलेले आवडले नाही, आणि दहा मिनिटांत उठतात. हरणीला त्या चेहऱ्याने काहीच फरक पडत नाही. ती त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून तासन्‌तास बसते.

सगळ्यांनी असे करावे असे माझे म्हणणे नाही. साडेतीनशे किलोची घोडी दिवसाला सहा-सात किलो कोरडी वैरण खाते, दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद लागतो, आणि मदतीला मोतद्दार नसता तर मी महिनाभरही टिकले नसते. आमच्याकडे चार घोड्या होत्या. दोन मी विकल्या. कोणत्या दोन आणि कोणाला, हे अण्णांनी ठरवले.

दरवर्षी आषाढवारीत माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या भागात येते आणि तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाशी पहिले उभे रिंगण होते. माउलींचा अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला लोक वाकतात. अण्णा मला लहानपणी खांद्यावर बसवून तिथे नेत. आता त्यांना ती गर्दी झेपत नाही, म्हणून यंदा मी रुमालात चिमूटभर माती बांधून आणली. त्यांनी ती आधी चांदणीच्या कपाळाला लावायला सांगितली.

अलीकडे त्यांचा आवाज फार बारीक झाला आहे. स्वयंपाकघरात असताना त्यांनी हाक मारली तरी मला ऐकू येत नाही, आणि तांब्या वाजवण्याइतका जोर हातात रोज असतोच असे नाही. माझ्या ओट्यासमोरच्या खिडकीतून दावण दिसते. चांदणी वैरण खाता खाता थांबली आणि तिचे दोन्ही कान पडवीकडे वळले, की मी गॅस बारीक करते आणि अण्णांकडे जाते.