पेन्सिलीवरचे पाच वेढे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा समितीचा फोन आला तेव्हा सरस्वतीपूजन, स्नेहसंमेलन, जुनी इमारत असे पुष्कळ काही मनात होते. लिहायला बसलो आणि विज्ञानाच्या सरांपुढे गाडी सरकेना. कोणते सर, ते सांगायला नकोच. खिशात पेनाशेजारी टेस्टर असलेले सर आपल्या शाळेत एकच होते.

नववीत प्रदर्शनासाठी एफएम ट्रान्समीटर करायचे ठरले. ट्रान्झिस्टर, माइक, ट्रिमर पणजीहून आले. कॉइल मात्र घरीच करायची, हा सरांचा हट्ट. फोंड्याच्या बाजारात पंपाच्या मोटरी रिवाइंड करणाऱ्याकडून उरलेली तार मागून आणली. पंख्याची तार नको, ती बारीक, तिचे वेढे उभे राहत नाहीत, असे सरांनी आधीच बजावले होते. २२ गेजची तार पेन्सिलीवर घट्ट गुंडाळायची, ५ वेढे, मग पेन्सिल अलगद ओढून घ्यायची. टोकांवरचे इनॅमल ब्लेडने खरवडायचे, नाहीतर सोल्डर धरत नाही.

रेडिओ व्हरांड्यात शिपाईमामांकडे दिला. नुसती खरखर. सरांनी आगपेटीतली काडी घेतली आणि वेढे किंचित फाकवले. वेढे लांबवले की इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला अडवण्याचा कॉइलचा गुण, कमी होतो आणि फ्रिक्वेन्सी वर चढते, दाबले की खाली येते. बारावीत याचे सूत्र फळ्यावर आले तेव्हा मला ती काडीच दिसली. स्क्रूड्रायव्हर का नाही, तर जवळ लोखंड आले तरी स्टेशन हलते. हातानेसुद्धा हलते. आमच्यातल्या एकाने कॉइलकडे बोट नेले आणि सर ओरडले, "हात लावूं नाका रे!" नेमके तेच शब्द बाहेर रेडिओतून आले. मामांनी रेडिओवरचा हात झटकन मागे घेतला! शाळेचे पहिले प्रक्षेपण ते हे.

मग वेढे थरथरू नयेत म्हणून सरांनी वर मेणबत्तीचे मेण ओतले. अँटेना लावू दिली नाही. परवान्याशिवाय ट्रान्समीटर चालवणे गुन्हा आहे, आवाज व्हरांड्यापुढे जाता कामा नये, असा दम दिला. त्याच बैठकीत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांची हकीकत सांगितली. १९५५ पासून १९६१ पर्यंत, गोवा मुक्त होईपर्यंत, दोघांनी गोव्याच्या सीमेबाहेरच्या जंगलातून मुक्तीचे गुप्त रेडिओ केंद्र चालवले. २०२५ मध्ये लिबियाबाईंना पद्मश्री जाहीर झाली त्या दिवशी मी सरांना फोन केला. "तुला आत्ता कळलं होय?" एवढेच म्हणाले.

आज मी बंगळुरूला रेडिओ सर्किट्सच्या डिझाइनमध्ये आहे. आमच्या कॉइली चिपमध्येच कोरलेल्या असतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. नव्या इंजिनिअर मुलांना मी पहिल्या आठवड्यात पेन्सिल आणि तार देतो. हसतात, पण गुंडाळतात.

मागे शाळेत आलो तेव्हा प्रयोगशाळेच्या जागी स्मार्ट क्लासरूम दिसली. वर्ग चांगला आहे, थंडगार आहे. पण सोल्डरिंगचे टेबल कुठेच नव्हते, आणि प्रदर्शनात मांडलेली किट्स दुकानातून जुळवून आणलेली. हे मला खटकले, लिहिल्यावाचून राहवत नाही.

समितीला विनंती, महोत्सवाच्या प्रदर्शनात मला एक टेबल आणि प्लगपॉइंट द्या. तार मी आणतो. सरांना घरून आणायची गाडीही माझ्याकडे लागली.