मी आधी मोतद्दाराला का विचारतो

चिकोडी, रायबाग, अथणी या भागांत घोडागाडीच्या शर्यतींसाठी घोडे पाळणारे मालक मला एक प्रश्न नेहमी विचारतात. घोडा आजारी पडला म्हणून पशुवैद्याला बोलावले, मालक स्वतः समोर उभा आहे, पैसेही तोच देणार आहे, आणि तरीही डॉक्टर आधी मोतद्दाराकडे, म्हणजे घोड्याची रोजची निगा राखणाऱ्या माणसाकडे, वळून त्यालाच का विचारतात? काहींच्या स्वरात थोडी नाराजी असते. तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर सांगतो.

घोड्याच्या शरीराची रचनाच अशी आहे की त्याच्याजवळ सतत जाणते माणूस असावे लागते. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान, साधारण ८ ते १५ लिटरचे असते आणि त्याला उलटी करता येत नाही. जे पोटात गेले ते पुढेच सरकले पाहिजे. म्हणून हुलग्याची किंवा हरभऱ्याची चंदी एकदम भरपूर न देता थोडी थोडी विभागून द्यावी लागते, आणि वैरण मात्र दिवसाचा बराच वेळ समोर हवी. उसाच्या हंगामात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, सहज मिळते, म्हणून कालपर्यंत कडब्यावर असलेल्या घोड्यापुढे आज अचानक वाढ्याचा भारा टाकला, तर पोटशूळ उठण्याची भीती असते.

हा पोटशूळ पुष्कळदा गाजावाजा न करता सुरू होतो. घोडा चंदी अर्धी ठेवतो, मान वळवून कुशीकडे पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो. लीद कमी आणि कोरडी पडते. निरोगी घोडा दिवसभरात साधारण ८ ते १२ वेळा लीद टाकतो, हे पुस्तकात वाचून मला ठाऊक आहे. पण या घोड्याने काल रात्रीपासून किती टाकली, हे तबेला झाडणाऱ्यालाच ठाऊक असते. लीद काढणे हे आपल्याकडे सर्वांत हलके काम समजले जाते. माझ्या दृष्टीने तबेल्यातील सर्वांत महत्त्वाची माहिती त्याच कामातून मिळते.

मी पोहोचल्यावर नाडी आणि ताप मोजतो. विश्रांतीच्या वेळी नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि ताप ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असावा, हे आकडे सर्वच मोठ्या घोड्यांसाठी आहेत. समोरचा घोडा एरवी कसा उभा राहतो, पाणी कोणत्या वेळी पितो, अनोळखी माणूस आला की कान कसे करतो, हे मला कोणत्याही यंत्रावर दिसत नाही. मोतद्दार रोज खरारा करतो तेव्हा त्याचा हात घोड्याच्या सर्वांगावरून फिरतो. साजाखाली उठू लागलेला फोड, पायाच्या मागच्या कंडरेतील (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीतील) किंचित उष्णता, दुसऱ्या पायाशी ताडून पाहिली तरच जाणवणारी सूज, या गोष्टी त्या हाताला आधी कळतात. बेळगाव आणि खानापूरकडच्या पावसाळ्यात जमीन आठवडेच्या आठवडे ओली राहते आणि खुराच्या तळाचा मऊ भाग कुजू लागतो. रोज खूर उचलून साफ करणाऱ्याला तो दर्पावरूनच समजतो. नालबंद ६ ते ८ आठवड्यांनी येतो. मधल्या काळात नाल सैल झाली, खिळा बोचू लागला, तर त्याला वेळेआधी बोलवा असे सांगणारा मोतद्दारच असतो.

माउलींच्या पालखी सोहळ्याचे अश्व आपल्याच चिकोडी तालुक्यातील अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून निघतात आणि सुमारे ३०० किलोमीटर पायी चालून आळंदीला पोहोचतात. पुढे पंढरीच्या वाटेवर, टाळमृदंगाच्या गजरात आणि अफाट गर्दीत ते रिंगण धावतात आणि वारकरी त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. इतकी वाट चाललेला घोडा बिथरल्याशिवाय धावतो, त्यामागे सवयीच्या माणसाचा सहवास आणि मुक्कामावर पाहिलेले खूर असतात, हे मला त्या दर्शनाइतकेच आदराचे वाटते.

या कामात धोका आहे, हेही मालकांनी ध्यानात घ्यावे. ग्लँडर्ससारखा रोग घोड्यापासून माणसाला होऊ शकतो आणि नाकातून घट्ट स्राव येणाऱ्या घोड्याचे तोंड सर्वांत आधी पुसतो तो मोतद्दारच. धनुर्वाताची लस घोड्याला देऊन घेता, तशीच मोतद्दारालाही द्यायला हवी. दर शर्यतीनंतर मोतद्दार बदलणाऱ्या मालकांचा मला खेद वाटतो, कारण नव्या माणसाला तो घोडा पुन्हा पहिल्यापासून ओळखावा लागतो आणि तेवढा काळ आजाराची पहिली चिन्हे पाहणारे तेथे कोणी नसते.

म्हणून माझे एकच मागणे असते. रात्री घोडा कुशीकडे पाहू लागला, तर चंदी बाजूला काढून थेट मला फोन करण्याची मुभा मोतद्दाराला द्या. मालक परगावी आहे, त्यांना विचारल्याशिवाय डॉक्टरांना कसे बोलवावे, या संकोचात पहाट होते. आणि आतडे पिळले गेले असेल, तर पहाटे माझ्या हातात फारसे काही उरलेले नसते.